साचलेल्या पाण्याचा इतिहास

मराठी समीक्षेला ‘साचलेपण’ हा शब्द फार सोयीचा पडत आला आहे. एखाद्या कवीच्या चौथ्या संग्रहात नवे काही आढळले नाही, एखाद्या नियतकालिकात तीच ती नावे दिसू लागली, एखादी चळवळ संस्थारूप होऊन बसली, की साचलेपण आल्याचे निदान केले जाते. त्याच्या समोर ‘प्रवाही’ हा गौरवाचा शब्द ठेवलेला असतोच. वाहते ते निर्मळ आणि जिवंत, थांबले ते नासले, असे एक अलिखित जलशास्त्र या दोन शब्दांच्या मुळाशी आहे. (‘साचेबद्ध’मधला साचा हा ओतण्याचा साचा, त्याचा पाण्याशी संबंध नाही. पण समीक्षेत हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी वावरत असल्यामुळे एकाचा वास दुसऱ्याला लागला आहे.) हे जलशास्त्र कितपत खरे आहे याची चौकशी सहसा कोणी करत नाही. रूपके वापरणाऱ्यांनी अधूनमधून मूळ वस्तूकडे जाऊन यावे, या हेतूने येथे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातले साचलेले पाणी विचारात घेतले आहे. ही गावे तळ्याविहिरींच्या आधाराने वसली, आणि पुढे त्याच पाण्याकडे संशयाने पाहू लागली. हा बदल कसा झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

या इतिहासाची साक्ष काढण्यासाठी शिलाहार राजे, पेशव्यांचे सरसुभेदार किंवा इंग्रज कलेक्टर यांपैकी कोणालाही बोलावता आले असते. मी बोलावतो आहे टाचणीच्या अळीला. चतुर सर्वांच्या ओळखीचा आहे. पावसाळा सरता सरता मैदानांवर तो थव्याने घिरट्या घालतो आणि लहान मुले त्याच्या शेपटीला दोरा बांधण्याचा दुष्टपणा पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. टाचणी ही त्याची सडपातळ चुलत बहीण. चतुर बसताना पंख आडवे पसरून ठेवतो, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. चतुराचे दोन डोळे बहुतेक जातींत डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, टाचणीचे डोक्याच्या दोन टोकांना दूर दूर असतात. नाव अर्थातच अंगकाठीवरून पडले. या नावात एक अभावित विनोदही आहे: दोन शतके युरोपीय संग्राहकांनी हा कीटक ओळखला तो टाचणीला टोचलेल्या अवस्थेत.

घरामागच्या सिमेंटच्या हौदात, सोसायटीच्या बागेतल्या कारंज्याच्या बंद पडलेल्या कुंडात, किंवा गच्चीवर कुमुदासाठी ठेवलेल्या मोठ्या टबात ही अळी असते. ती असल्याचे मात्र सहजी कळत नाही. पाणी वरून पाहावे तर शेवाळ, कुजकी पाने, एखादी पाणगोगलगाय, एवढेच. चहाची जुनी गाळणी पाणवनस्पतींच्या मुळांतून हलकेच फिरवावी आणि गाळणीत येईल ते पांढऱ्या भांड्यात, त्याच हौदातल्या पाण्यात, सोडून द्यावे. पहिली दोन मिनिटे केवळ कचरा दिसतो. मग त्या कचऱ्यातली एक काडी चालू लागते. रंग शेवाळी किंवा मातकट, लांबी बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहूनही कमी, सहा नाजूक पाय, आणि शेपटीच्या टोकाला पिसांसारखी तीन पाती. ही पाती म्हणजे तिचे कल्ले. पोहताना ती अंग डावीउजवीकडे वळवते तेव्हा तीच वल्ह्यासारखी उपयोगी पडतात. शत्रूने पाते पकडले तर अळी ते तोडून त्याच्या तोंडात सोडून देते आणि निसटते. पुढच्या एकदोन कात टाकण्यांत ते पुन्हा उगवते. म्हणून एखाद्या अळीला दोन मोठी पाती आणि एक आखूड दिसले तर तिच्यावर कधीतरी बेतले होते असे खुशाल समजावे.

ती शिकारी आहे. पाण्यातले सूक्ष्म कवचधारी प्राणी, डासांच्या अळ्या, इतर कीटकांची पिले, आणि भूक असेल तर स्वतःची धाकटी भावंडे, असा तिचा आहार. (निरीक्षणासाठी दोन अळ्या एका पेल्यात ठेवू नयेत, सकाळी एकच उरते.) तिचे हत्यार पाहण्यासारखे आहे. तिचा खालचा ओठ लांब, मध्ये बिजागरी असलेला, टोकाला दोन आकडे असलेला असतो आणि एरवी तो हनुवटीखाली दुमडून ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की अंगातल्या द्रवाच्या दाबाने तो झटकन पुढे फेकला जातो आणि पापणी लवायच्या आत मागे येतो. फ्रेंच निसर्गाभ्यासक रेओम्यूर याने कीटकांवरील आपल्या बृहद्‌ग्रंथाच्या 1742 साली निघालेल्या सहाव्या खंडात याचे बारकाईने वर्णन केले. चेहऱ्याचा भाग झाकणारा अवयव म्हणून त्याने त्याला मुखवटा म्हटले, आणि कीटकशास्त्रात तो शब्द टिकून राहिला.

अळी हा शब्द येथे सवयीने वापरला आहे. परिभाषेत ‘डिंभ’ असा शब्द आहे, पण तो परिभाषेतच राहिला. फुलपाखराच्या अळीप्रमाणे ही कोषात जात नाही. दहाबारा वेळा कात टाकत ती वाढते, पाठीवर पंखांचे छोटे कोंब दिसू लागतात, आणि एके दिवशी ती एखाद्या देठावरून पाण्याबाहेर चढून येते. पाठ उलते, त्या फटीतून फिकट, लिबलिबीत, अजून कसलाही रंग न घेतलेली टाचणी बाहेर पडते. पंख ताठ व्हायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात कोळी, मुंग्या, पाली, पाखरे यांपैकी कोणाचेही तिला भक्ष्य व्हावे लागते. वाचली तर उडते. देठावर कोरडी कात राहते. उष्ण प्रदेशातल्या आपल्या सामान्य जातींना अंड्यापासून येथपर्यंत यायला साधारणपणे काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. हा कालावधी वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढचे बरेचसे प्रकरण त्यावर उभे आहे.

ठाण्या-डोंबिवलीकडच्या बागांत हमखास भेटणारी टाचणी म्हणजे पिवळ्याधमक पोटाची, शेवाळी छातीची ‘सेरियाग्रियॉन कोरोमंडेलियानम’. तिला हे नाव दिले फाब्रिसियसने, 1798 साली. तो लिनियसचा शिष्य, स्वतः डेन्मार्कच्या प्रजेपैकी; नावातला कोरोमंडल किनारा तिच्या मूळ नमुन्याचे गाव सांगतो. पुढे 1854 मध्ये बेल्जियमच्या सेलीस-लाँगशांप याने टाचण्यांचा एक स्वतंत्र उपगण कल्पिला. हा गृहस्थ एकीकडे आपल्या देशाच्या सिनेटचा अध्यक्षही झाला. त्या काळच्या विद्वानांना वेळ कसा पुरत असे हे एक कोडेच आहे. परंतु हे सर्व ज्ञान उडणाऱ्या, म्हणजे मेलेल्या आणि टोचलेल्या, टाचणीचे होते. अळी टोचून ठेवता येत नाही. ती कोणत्या जातीची हे तिच्या तोंडावर लिहिलेले नसते. ते कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच: तिला पाण्यात वाढवायचे, दररोज खायला घालायचे, आणि ती पंख घेऊन बाहेर येईपर्यंत वाट पाहायची. ज्ञानाच्या या प्रकाराला जहाजावरून पेट्या पाठवून भागत नाही. त्याला एका जागी राहणारा माणूस लागतो आणि साचलेले पाणी लागते.

हिंदुस्थानात असा माणूस भेटला तो लष्करी वैद्यकात. फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर (1880–1963) हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला शल्यवैद्य. 1919 साली इंडियन म्युझियमच्या ‘रेकॉर्ड्‌स’मध्ये त्याने चतुर-टाचण्यांच्या भारतीय अळ्यांची आणि त्यांच्या कातींची वर्णने प्रसिद्ध केली, 1924 मध्ये त्याच नियतकालिकात पश्चिम भारताच्या पाहणीवरचा त्याचा दीर्घ लेख आला आणि त्यात तीस नव्या जाती होत्या. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले त्याचे तीन खंड 1933, 1934 व 1936 साली निघाले. आजही या विषयातला भारतीय अभ्यासक त्यांना वळसा घालून जाऊ शकत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातही त्याने वर्षानुवर्षे लिहिले. ही संस्था 15 सप्टेंबर 1883 रोजी ज्या आठ जणांनी स्थापली त्यांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही दोन नावे सुधारणेच्या इतिहासात भेटतात. निसर्गाभ्यासाच्या इतिहासात ती भेटतात हे आपण सहसा शिकवत नाही.

संस्थेच्या त्या आठांतला आणखी एक, ई. एच. एटकेन, हा साताऱ्यात जन्मलेला आणि मीठ व जकात खात्यात नोकरी करणारा विनोदी लेखक. ‘ईहा’ या सहीने लिहिलेली त्याची पुस्तके घर, अंगण आणि बाग यांतल्या प्राण्यांविषयी आहेत. वाघाची शिकार करणाऱ्या साहेबांच्या जमान्यात त्याने मुंग्या, बेडूक आणि डास यांना पुस्तकात जागा दिली. गोव्याच्या सरहद्दीवरच्या जकात नाक्यांवर मलेरियाने शिपाई मरत होते, तेव्हा तेथील डासांचा शोध घेण्याचे कामही त्याच्याकडे आले. 1903 साली नोंदवलेल्या एका ॲनॉफेलीस जातीला त्याचे नाव आहे. म्हणजे बागेतल्या कुंडाकडे कुतूहलाने पाहणारा आणि त्याच कुंडाकडे संशयाने पाहणारा, ही दोन माणसे आरंभी एकच होती. फ्रेझरही वैद्यच. ती वेगळी कधी झाली?

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठरात मलेरियाचा परजीवी दिसला. त्या दिवसापासून साचलेल्या पाण्याचा अर्थ बदलला. तोवर मलेरिया हा ‘वाईट हवे’चा रोग होता, आता पाणी गुन्हेगार ठरले. आपल्या प्रदेशापुरते सांगायचे तर पुढची दोन पाने वऱ्हाड आणि मुंबई यांची आहेत. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने एलिचपूर म्हणजे आपल्या अचलपूर येथे वर्षभर डासांचे निरीक्षण केले आणि 1901 मध्ये ॲनॉफेलीस स्टेफेन्सी ही जात वर्णिली. हा डास शहरी वृत्तीचा. त्याला दलदल नको, स्वच्छ, शांत पाणी हवे: विहीर, टाकी, हौद. पुढे मुंबईत मलेरियाचा कहर झाला तेव्हा चौकशीचे काम चार्ल्स बेंटली याच्याकडे आले आणि 1911 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने बोट ठेवले ते विहिरींवर. घराघरातल्या, वाडीवाडीतल्या, देवळापुढच्या आणि अग्यारीजवळच्या विहिरी बुजवा किंवा बंदिस्त करा, अशी त्याची दिशा होती.

यावर जो वाद झाला तो आरोग्याचा इतिहास लिहिणारे ‘अंधश्रद्धा विरुद्ध विज्ञान’ अशा दोन रकान्यांत मांडतात. मला तो तसा वाटत नाही. पारशांना विहिरीचे पाणी धर्मविधीला लागे, हिंदूंना पूजेला नळाचे पाणी चालत नसे. या भावना होत्याच. परंतु ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विहीर होती त्यांना ते पाणी बाजूच्या माणसाप्रमाणे परिचित होते. त्यात कासव सोडलेले असे, मासे असत. गाळ काढण्याचे दिवस ठरलेले असत. अहवालाच्या भाषेत त्या सर्वांचे रूपांतर ‘उत्पत्तिस्थान’ या एका शब्दात झाले. मुंबईत 1725 साली खोदलेली भिका बेहराम विहीर चर्चगेटजवळ आजही जपलेली आहे. अशा ज्या उरल्या त्या धर्मामुळे उरल्या, जलविज्ञानामुळे नव्हे. मलेरियाने माणसे मरत होती हेही तितकेच खरे, आणि बेंटलीचे स्टेफेन्सीविषयीचे निरीक्षण चुकीचे नव्हते. गंमत अशी, की हाच बेंटली पुढे बंगालमध्ये गेला आणि 1925 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने जवळजवळ उलट बाजू मांडली: रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या बांधांनी पुराचे पाणी अडवल्यामुळे, म्हणजे शेतांना पूर्वीसारखे पाणी न मिळाल्यामुळे, तेथे मलेरिया वाढला. मुंबईत त्याला पाणी नको होते, बंगालमध्ये पाणी हवे होते. त्याच्यापुढे दोन वेगळी पाणी होती आणि त्याने त्यांना वेगळे मानले. त्याच्या मागून आलेल्या नगरपालिकांच्या हाती मात्र पहिला अहवाल राहिला.

आता ठाण्याकडे येऊ. शिलाहारांचे श्रीस्थानक ते हेच, आणि तळ्यांची परंपरा त्यांच्यापर्यंत नेण्याची येथे पद्धत आहे. गावात एके काळी साठ तळी होती असे ठाणेकर अभिमानाने सांगतात; आता मोजणाऱ्यांची संख्या पस्तिसाच्या आसपास थांबते. मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी, मखमली, रायलादेवी, ब्रह्माळा, उपवन. मासुंद्याच्या काठी कौपिनेश्वर. शहराला एके काळी पाणी पाजणाऱ्या पोखरण तलावाचे नाव आता दोन रस्त्यांना आहे, आणि त्या रस्त्यांवर राहणाऱ्या बहुतेकांना राजस्थानातले पोखरण आठवते. वास्तविक दोन्हींच्या मागे ‘पुष्करिणी’ हाच शब्द उभा आहे. कल्याणला शेणाळे तलाव आहे, त्याला लोक काळा तलाव म्हणतात. डोंबिवली हे अलीकडचे गाव. तिच्या पोटात मात्र विहिरी होत्या आणि चारी बाजूंना भातखाचरे.

मराठीत थांबलेल्या पाण्याला किती शब्द आहेत हे मुद्दाम पाहावे. तळे, तलाव, टाके, कुंड, पुष्करिणी, बारव, विहीर, आड, हौद, डोह, डबके, खाचर, खाजण, पाणथळ. यांतला प्रत्येक शब्द पाण्याची खोली, त्याचा काठ, त्याचा मालक आणि त्याचा मुक्काम सांगतो. खाजणात खाडीचे खारे पाणी शिरते, खाचरात पावसाचे गोडे पाणी बांध घालून तीनचार महिने अडवलेले असते, आडाला काठ आवळ आणि तोंड लहान, डबके पाऊस थांबल्यावर आटते. निंदा फक्त डबक्याच्या वाट्याला आली होती. ‘साचलेले पाणी’ हा शब्दप्रयोग या सर्वांना एका गोणीत भरतो. तो आरोग्य खात्याच्या पत्रकांतून भिंतींवर आला, भिंतींवरून वर्तमानपत्रांत, आणि तेथून आपल्या समीक्षेत शिरला नसेलच असे नाही. निदान दोन्हीकडचा तिरस्कार एकाच जातीचा आहे.

भातखाचर हे या पट्ट्यातले सर्वांत विस्तीर्ण साचलेले पाणी होते, आणि टाचण्यांचे सर्वांत मोठे माहेर. ‘ॲग्रिओक्नेमिस’ या वंशातली, पंख मिटून बसली तर गवताच्या पात्यावर शोधावी लागणारी चिमुकली टाचणी खाचरांच्या बांधांवर विपुल असते. लावणीच्या सुमारास अंडी, दाणा भरेपर्यंत अळी, आणि पाणी काढून टाकण्याच्या आत पंख, असा तिचा आणि भाताचा हिशेब जुळत असे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गाडी आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले; त्या भरावाच्या दोन्ही बाजूंना पावसाळी पाणी साठू लागले. पण खाचरे खऱ्या अर्थाने गेली ती शंभर वर्षांनंतर. 1964 पासून डोंबिवलीत औद्योगिक वसाहत उभी राहू लागली, मागोमाग चाळी, मग तीन मजल्यांच्या सोसायट्या, मग मनोरे. ठाण्याची महानगरपालिका 1982 ची, कल्याणची 1983 ची. खाचराच्या जागी इमारत आली आणि इमारतीने आपल्या अंगणात बागेचा एक तुकडा राखला; त्या तुकड्यातला हौद हा खाचराचा नकळत झालेला वारस आहे. पिवळी टाचणी तेथे स्वतःहून आली. तिला कोणी आणले नाही.

आणि येथेच तिची गाठ ‘कोरड्या दिवसा’शी पडते. डेंग्यूच्या भयाने आठवड्यातून एक दिवस घरातली सर्व पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत, असा सरकारी उपदेश आहे आणि पिंप, कुंड्यांखालच्या बशा, टायर, करवंट्या यांच्या बाबतीत तो शंभर टक्के योग्य आहे. डेंग्यूचा डास उष्ण हवेत अंड्यातून पंखापर्यंत आठदहा दिवसांत पोहोचतो. म्हणून सात दिवसांची मर्यादा. पण टाचणीला लागणारा काळ पाहा. जे पाणी दर आठवड्याला फेकले जाते त्यात डास एखादे वेळी निसटेल, टाचणी कधीच वाढणार नाही. जे पाणी महिनोन्‌महिने राहते त्यात दोघांनाही वाव आहे, आणि तेथे एक दुसऱ्याला खातो. म्हणजे डासांच्या दृष्टीने सर्वांत सुखाचे पाणी हे जुने, शेवाळलेले, वनस्पतींनी भरलेले पाणी नसून नुकतेच साचलेले, रिकामे, शत्रूहीन पाणी होय. साचलेल्या पाण्याचा दोष त्याच्या साचण्यात नाही, ते पुरेसे दिवस साचून राहिलेले नाही यात आहे. अर्थात निगा न राखलेला, कचऱ्याने भरलेला हौद निर्दोष असतो असे कोणी समजू नये. त्याच्या कडेच्या उथळ कोपऱ्यांत, जेथे शिकारी पोहोचत नाहीत, डास वाढतातच.

यावरून टाचणीला डासांविरुद्ध सैन्यात भरती करावे असा मोह होतो. हा मोह जुना आहे. रॉसच्या शोधाच्याही आधी, डास हा केवळ उपद्रव समजला जात होता तेव्हा, रॉबर्ट लॅम्बॉर्न या अमेरिकन गृहस्थाने चतुरांकडून डासांचा नायनाट करता येईल काय या विषयावर निबंधस्पर्धा लावली. ते निबंध 1890 साली न्यूयॉर्कमध्ये पुस्तकरूपाने निघाले. निबंधकारांनी बक्षिसे घेतली आणि उत्तर दिले ते नकारार्थी: चतुर पाळून सोडणे व्यवहार्य नाही, त्यापेक्षा पाण्यावर घासलेट ओता. पुढच्या शतकाने तोच सल्ला मानला. घासलेट आले, नंतर निरनिराळी अळीनाशके आली. आज टेमिफॉस वापरतात. 1928 मध्ये गॅम्बुसिया मासा भारतात आणला गेला, गप्पी त्याच्याही आधीचा. मासे डासांच्या अळ्या खातात, पण पाणी काही केवळ डासांच्या अळ्यांचे नसते. लहानशा हौदात गप्पींची प्रजा वाढली की टाचणीच्या कोवळ्या अळ्याही त्यांच्याच पोटात जातात. अळीनाशकालाही एक अळी आणि दुसरी अळी यांतला भेद कळत नाही.

लॅम्बॉर्नच्या निबंधकारांचे म्हणणे निदान एका ठिकाणी खोटे ठरले. रंगून म्हणजे यांगून शहरात घरगुती पाणी साठवण्याच्या भांड्यांत लाल चतुराच्या, ‘क्रोकोथेमिस सर्व्हिलिया’च्या, अळ्या रहिवाशांच्या सहकार्याने सोडण्यात आल्या आणि डेंग्यूच्या डासांचे प्रमाण लक्षणीय उतरले. त्या प्रयोगाचा अहवाल 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. तो चतुर आपल्याकडेही सर्रास आहे. मात्र हा प्रयोग यशस्वी झाला तो भांडी दर आठवड्याला न उलटवल्यामुळे आणि माणसांनी पाण्यात एक जिवंत, कुरूप प्राणी असणे चालवून घेतल्यामुळे. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत असा ठराव मांडून पाहावा.

तळ्यांची कहाणी वेगळ्या वाटेने त्याच जागी येते. तळ्याचे सुशोभीकरण म्हणजे काठाला सिमेंटची भिंत, भिंतीला रेलिंग, रेलिंगला दिवे, मध्ये कारंजे. पाणी तेवढेच राहते, काठ जातो. टाचणीला तळ्याच्या मध्याशी कर्तव्य नसते. तिला लव्हाळ्याचा, पाणगवताचा, उतरता काठ हवा, कारण मादी अंडी घालते ती वनस्पतीच्या देठात किंवा पानात चीर पाडून, आणि अळीला बाहेर यायला चढण्याजोगे काहीतरी लागते. उभी भिंत तिच्या उपयोगाची नाही. कायद्याचा आधार घ्यावा तर देशाच्या पाणथळ जागांची जी मोजणी संरक्षणासाठी आधारभूत धरली गेली तिची खालची मर्यादा सव्वादोन हेक्टर होती. ठाण्याची खाडी 2022 साली रामसर यादीत गेली, हे उत्तमच झाले. बागेतला हौद कोणत्याच यादीत जाणार नाही.

मराठी निसर्गलेखनाने हे पाणी पाहिले का? दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 चे. त्यातला निसर्ग आकाश, झाडे, फुले यांनी भरलेला आहे. मारुती चितमपल्लींनी आपल्याला रान आणि पाखरे दिली. या दोघांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या मागून येणाऱ्यांनी त्यांची दृष्टी घेण्याऐवजी त्यांचे विषय घेतले, आणि मराठी गद्यात निसर्ग म्हणजे जंगल असा संकेत रूढ होऊन बसला. ईहासारखे घराच्या पायरीवर बसून लिहिणे आपल्याकडे विनोदी लेखकाने करावे असे ठरले, आणि विनोदी लेखकांना शेजाऱ्यांपुढे मुंग्या दिसल्या नाहीत.

अभ्यास मात्र झाला आहे, आणि तो सिमेंटच्या टाक्यांतच झाला आहे. अरुण कुमार यांनी 1973 मध्ये डेहराडून खोऱ्यातल्या टाचण्यांच्या शेवटच्या अवस्थेतील अळ्यांची वर्णने प्रसिद्ध केली. नागपुरात हिस्लॉप कॉलेजच्या (स्थापना 1883, म्हणजे मुंबईच्या त्या संस्थेच्याच वर्षी) प्राणिशास्त्रज्ञांनी महाविद्यालयाच्या वनस्पती-उद्यानातल्या कुमुदाच्या टाक्यांकाठी बसून आपल्या ओळखीच्या पिवळ्या टाचणीचे मीलन आणि अंडी घालणे यांची तपशीलवार निरीक्षणे केली. नर मादीच्या मानेमागे आपल्या शेपटीची पकड ठेवून स्वतः काठीसारखा उभा राहतो आणि मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी टोचत जाते. फाब्रिसियसला कोरोमंडलहून आलेल्या वाळक्या नमुन्यात यातले काहीच दिसणे शक्य नव्हते.

महाराष्ट्रात चतुर आणि टाचण्यांच्या सव्वाशेहून अधिक जातींची नोंद आहे. या नोंदी बहुतांशी उडणाऱ्या कीटकांच्या आहेत. छायाचित्रण सोपे झाल्यापासून त्या वेगाने वाढल्या. पण उडणारी टाचणी ही पाहुणी असू शकते. कोठल्याही पाण्यावर ती दहा मिनिटे टेकते. त्या पाण्यात तिचे घर आहे याचा पुरावा एकच, देठावर राहिलेली कात. फ्रेझरने 1919 साली वर्णने केली ती याच पुराव्याची. ती गोळा करायला परवाना, जाळे, दुर्बीण काही लागत नाही. ऑक्टोबरात सकाळी उन्हे चढल्यावर हौदाच्या कडेने फिरावे, पाण्याबाहेर आलेले देठ खालपासून वरपर्यंत पाहावे. कात देठाला घट्ट धरून असते, म्हणून ती ओढू नये, देठच कापावा. रिकाम्या काडेपेटीत थोडा कापूस घालून त्यात ती ठेवावी, आणि पेटीवर शिसपेन्सिलीने तारीख, गाव, पाण्याचा प्रकार लिहावा. प्रकार लिहिताना ‘साचलेले पाणी’ असे लिहू नये. हौद असेल तर हौद, टाके असेल तर टाके, आड असेल तर आड.